न चढणाऱ्यांची डोंगरसहल: मराठवाड्यातून निघण्याआधी

मार्च संपत आला की लातूर, परभणी, नांदेडकडे व्हॉट्सॲपवर सहलींची पत्रकं फिरायला लागतात. बर्फ, देवदार, लाल जॅकेटातलं जोडपं आणि खाली ठसठशीत अक्षरांत "सर्व वयोगटांसाठी". बऱ्याच सहली खरंच तशा असतात. पण काही सहलींत तिसऱ्या दिवशी सासूबाई घोडेवाल्याशी घासाघीस करत उभ्या असतात आणि सासरे हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर अडकलेले असतात, कारण लिफ्ट नाही आणि गुडघे बोलायला लागलेत.

घरच्यांच्या आणि शेजारपाजारच्यांच्या सहली ठरवण्याचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलंय. आमच्यात ट्रेकर कुणी नाही. डोंगर सगळ्यांना आवडतो, चढ कुणालाच नाही. तुमच्याकडेही तीच गत असेल तर पत्रकातलं ठिकाणाचं नाव आणि फोटो जरा बाजूला ठेवा. आधी तीन आकडे शोधा: रात्री झोपायची उंची, रोजचे गाडीतले तास, आणि पायी चढायच्या पायऱ्या किंवा किलोमीटर. हे तीन जमत असतील तर ठिकाणाचं पुढे बघता येतं.

१. आधी घराजवळ परीक्षा घ्या

"मला चालायची सवय आहे" यावर जाऊ नका. आपलं चालणं सपाटीवरचं. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारा माणूसही चढावर दहाव्या मिनिटाला कठडा शोधतो.

परीक्षेला देवगिरीसारखी जागा नाही. खालच्या दरवाज्यापासून वर बारादरीपर्यंत पायऱ्या साडेसातशेच्या आसपास. मधे अंधारी लागते: काळोख, वटवाघळांचा वास आणि एकसारखी उंची नसलेल्या पायऱ्या. हिवाळ्यात सकाळी लवकर जा, पाणी बरोबर घ्या आणि घाई न करता चढा. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा. दोन शब्दांत धाप लागत असेल तर वेग कमी करा. वेग कमी करूनही तेच होत असेल, किंवा छातीत दडपण आलं, तर तिथूनच मागे फिरा आणि सहलीच्या आधी डॉक्टरांकडे जा.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. मांड्या आणि पोटऱ्या दुखत असतील तर काळजी नको, ते एकदोन दिवसांत जातं. पण गुडघ्याच्या आत टोचत असेल, घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागत असेल, तर रोज पायऱ्या असलेली सहल घेऊ नका. डोंगरात गुडघे चढताना नाही, उतरताना दगा देतात.

देवगिरी लांब पडत असेल तर संभाजीनगरात गोगाबाबाची टेकडी आहे, नांदेडकडच्यांना माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या आहेत, धाराशिवकडे येरमाळ्याची येडेश्वरी आहे. ज्यांना सहलीला न्यायचंय त्या सगळ्यांना घेऊन जा. दर्शनही होतं आणि कोण किती पाण्यात आहे तेही कळतं.

२. डोंगरात नक्की काय हवंय ते घरात बोलून घ्या

थंड हवा हवी असेल तर दोन हजार मीटरच्या आसपासचं कुठलंही गाव पुरतं. बर्फाला हात लावायचा असेल तर महिना आणि उंची दोन्ही बदलतं. देवदर्शन असेल तर पायी वाट किती हाच पहिला प्रश्न. नुसतं निवांत बसायचं असेल तर सहा दिवसांत पाच हॉटेलं बदलणारी सहल घेऊन काय उपयोग? हे बोलणं पैसे भरायच्या आधी करा. नंतर ते भांडण होतं.

३. झोपायची उंची बघा

आपली गावं समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे ते साडेसहाशे मीटरवर. आपलं थंड हवेचं ठिकाण म्हैसमाळ, तेही हजार मीटरच्या जरा वर. त्यामुळे उंचीचा त्रास म्हणजे काय हे आपल्याकडे घरी बसून कळायचं कारण नाही.

साधारण अडीच हजार मीटरपर्यंत बहुतेकांना काही होत नाही. मसुरी, नैनिताल, मनाली, दार्जिलिंग ही गावं दोन हजारांच्या आसपास, शिमला २,२००, गंगटोक १,६५०. इथे मुक्काम असेल तर निर्धास्त जा. त्याच्या वर गणित बदलतं. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही लक्षणं पहिल्या दिवशी-रात्रीच दिसायला लागतात.

यात व्यायामाचा भरवसा धरू नका. जिमला जाणारा पंचविशीतला भाचा आडवा होतो आणि सत्तरीची आजी चहा पीत बसते, असंही होतं. उपयोग होतो तो सावकाश वर जाण्याचा. ३,००० मीटरच्या पुढे प्रत्येक मुक्काम आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर हजार मीटरमागे एक दिवस थांबा, असा सर्वसाधारण नियम आहे. विमानाने थेट लेहला उतरत असाल तर पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही. पत्रकात पहिल्याच दुपारी फिरणं आणि दुसऱ्या दिवशी खारदुंगला ही पाच हजार मीटरच्या वरची खिंड असेल तर ती सहल सोडा. मुक्कामांचा क्रमही बघा: नुब्रा खोरं लेहपेक्षा खाली आहे, पँगाँग सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. आधी नुब्रा, मग पँगाँग, हे शरीराला सोपं जातं.

सिक्कीममध्येही हा सापळा आहे. गंगटोकहून सकाळी निघून दुपारपर्यंत नाथुला खिंडीत ४,३१० मीटरवर पोचवतात. मुक्काम गंगटोकलाच असल्याने बहुतेक जण निभावतात, पण वर धावपळ करायची नाही. हृदयविकार, दम्याचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या दिवसाला हो म्हणू नये. कापूर हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगो. उंचीसाठीच्या गोळ्या असतात, पण त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करायच्या नाहीत. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

४. किलोमीटर सोडा, तास मोजा

लातूर ते सोलापूर आपण अडीच-तीन तासांत जातो, त्या सवयीने पहाडातलं अंतर मोजू नका. तिथे तासाला वीस-पंचवीस किलोमीटर धरा. ऋषिकेश ते बद्रीनाथ तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि त्याला उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा दिवस जातो. दरड कोसळली तर तोही पुरत नाही.

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी हा आकडा पायऱ्यांपेक्षाही महत्त्वाचा. माझा ठोकताळा असा: गाडीत सहा तासांपेक्षा जास्त जाणारे दिवस लागोपाठ दोन नकोत, आणि मुक्काम बदलले तरी एका ठिकाणी किमान दोन रात्री हव्यात. सर्वात उत्तम म्हणजे एक-दोन गावं धरून राहायचं आणि तिथून रोज थोडं फिरून यायचं. आठ दिवसांत सोळा ठिकाणं दाखवणारी सहल कागदावर स्वस्त दिसते, पण त्या सोळांपैकी अर्धी गाडीच्या काचेतून बघायची असतात.

५. पत्रक ओळीओळीने वाचा

हे काम कंटाळवाणं आहे, पण याच कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. पत्रकाची भाषा ठरलेली असते.

"छोटासा ट्रेक" म्हणजे किती, ते आकड्यात विचारा. जाऊन-येऊन की एकेरी? दोन किलोमीटरमध्ये उंची किती वाढते? तुंगनाथची वाट चोपत्यापासून चारेक किलोमीटरच आहे, फरसबंदी आहे, आणि तरीही ती संपते ३,६०० मीटरच्या वर. सपाटीवरचे चार आणि हे चार एक नाहीत.

"स्वखर्चाने" हा शब्द दिसला की थांबा. घोडा, रोपवे, स्थानिक टॅक्सी हे सगळं त्यात असतं. पहलगामला आरू, बेताब, चंदनवाडीसाठी तुमची बस चालत नाही, तिथल्या युनियनची गाडी घ्यावी लागते. एका कुटुंबाचा हा वरखर्च सहज काही हजारांत जातो.

"हवामानानुसार" आणि "परवानगी मिळाल्यास" यांचा अर्थ, न झाल्यास पैसे परत नाहीत. मनालीजवळच्या रोहतांग खिंडीला रोज ठरावीक गाड्यांनाच परवाना मिळतो आणि मंगळवारी रस्ता देखभालीसाठी बंद असतो. तुमचा मनालीतला दिवस मंगळवार असेल तर "रोहतांग" हा शब्द फक्त पत्रकापुरता. त्याऐवजी २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत जाता येतं. नऊ किलोमीटरचा बोगदा, चढ शून्य.

"थ्री स्टार किंवा तत्सम" यावर बोट ठेवून हॉटेलची नावं मागा. नाव मिळालं की हॉटेलला स्वतः फोन करा. पहाडात हॉटेल रस्त्याच्या वर किंवा खाली असतं, आणि "रस्त्यापासून दोन मिनिटं" म्हणजे साठ-सत्तर पायऱ्या असू शकतात. लिफ्ट आहे का, खोली कुठल्या मजल्यावर, कमोड आहे की भारतीय पद्धतीचा संडास, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हीटरचे पैसे वेगळे का, हे विचारा. गुडघेदुखी असलेल्या माणसाची सहल या चार-पाच उत्तरांवर ठरते, बर्फावर नाही.

६. रोपवे, घोडा, डोली: भरवसा किती ठेवायचा

रोपवे आहे म्हणजे चालायचं नाही, असं समजू नका. गिरनारचंच बघा. आपल्याकडून दत्तभक्त मोठ्या संख्येने जातात. २०२० पासून तिथे रोपवे आहे, पण तो अंबाजीपर्यंतच. पुढे दत्तशिखरापर्यंत आणखी हजारो पायऱ्या, त्याही आधी उतरायच्या मग चढायच्या, आणि परत तेच उलटं. "रोपवेने गिरनार" वाचून गेलेली मंडळी अंबाजीला हात जोडून परत येतात. त्यात वाईट काही नाही, पण ते निघण्याआधी माहीत असलेलं बरं. वारा सुटला की रोपवे बंदही ठेवतात.

सप्तशृंगीगडावर मात्र ट्रॉली थेट वर नेते. डोंगर चढू न शकणाऱ्यांसाठी इतकी सोयीची दुसरी जागा महाराष्ट्रात मला माहीत नाही.

चारधामचं गणित असं: बद्रीनाथ आणि गंगोत्रीला गाडी जवळपास देवळापर्यंत जाते. यमुनोत्रीला जानकीचट्टीहून पाच-सहा किलोमीटर खडा चढ. केदारनाथला गौरीकुंडाहून सोळा किलोमीटरच्या वर, एकेरी. न चालणाऱ्यांनी दोन धाम केले तरी यात्रा होते, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. केदारनाथचं हेलिकॉप्टर घ्यायचं तर तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतं. फेसबुकवरच्या नंबरला पैसे पाठवून फसलेल्यांची यादी दरवर्षी लांबत जाते.

घोड्यावर बसणं म्हणजे आराम, हा गैरसमज. उतारावर सगळा भार पायांवर आणि कमरेवर येतो, आणि मणक्याचा त्रास असेल तर घोडा नकोच. डोली किंवा दंडी त्यापेक्षा बरी, पण महाग. दर ठरावीक असतात आणि बहुतेक जागी फलकावर लिहिलेले असतात, तो फलक आधी शोधा आणि पावती घ्या.

आपल्या सह्याद्रीबद्दल एक सांगते. पावसाळ्यात पुण्या-मुंबईचे ग्रुप "पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी" म्हणून किल्ल्यांच्या जाहिराती टाकतात. हरिहरच्या कोरीव पायऱ्या रीलमध्ये गोंडस दिसतात, प्रत्यक्षात त्या जवळजवळ उभ्या आहेत आणि ओल्या असताना घसरतात. पहिला पावसाळा बघायचाय तर भंडारदऱ्याला जा, गाडीतून उतरून छत्री उघडली की धबधबा समोर. नांदेड-हिंगोलीकडच्यांना चिखलदरा जवळ पडतं.

७. मग जायचं कुठे?

पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्या मराठवाड्यातल्या कुटुंबाला मी डोळे झाकून एकच मार्ग सांगते: अमृतसर, डलहौसी, धर्मशाळा. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत थेट अमृतसरला जाते. गाडी बदलायची नाही, सामान उचलायचं नाही. दीड दिवसाचा प्रवास आहे, पण डब्यात आपलीच माणसं असतात, आणि धपाटे व शेंगदाण्याची चटणी पहिला दिवस आरामात काढतात. हरिमंदिर साहिबला दर्शन, मग टॅक्सीने डलहौसी, पाच-सहा तास. डलहौसी दोन हजार मीटरच्या आत, खज्जियारचं कुरण सपाट. पुढे धर्मशाळा. तिथून मॅक्लोडगंजला २०२२ पासून रोपवे आहे. घरातल्या पोरांना पाय मोकळे करायचेच असतील तर त्रिउंडची वाट मॅक्लोडगंजहूनच निघते. ती दिवसभर चढून येतील, तुम्ही बाजारात मोमो खात बसा. एकाच घरात चालणारे आणि न चालणारे असतील तर अशीच जागा निवडायची.

दुसरी पसंती नैनिताल, तळ्याकाठचा मॉल रोड सपाट आहे म्हणून. शिमला मी तिसऱ्या नंबरवर ठेवते. १९०३ सालची कालका-शिमला छोटी रेल्वे बघण्यासारखी आहे, ९६ किलोमीटर बसूनच जायचं. पण गाव स्वतः उतारावर आणि मॉलवर गाड्यांना बंदी. खालच्या रस्त्यावरून वर यायला लिफ्ट आहे, तिच्या जवळचं हॉटेल बघा.

८. महिना

शाळांची सुट्टी आणि मृगाआधीची मोकळीक यामुळे आपण सगळे मे महिन्यातच निघतो. गर्दी आणि भाव तेव्हाच चढलेले. जमत असेल तर पेरणी-काढणी उरकून दिवाळीनंतर निघा, हवा स्वच्छ असते आणि शिखरं दिसतात. थंडी मात्र कडक. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचल-उत्तराखंड टाळा, दरडी कोसळतात. लडाख पर्जन्यछायेत असल्याने त्याला जून ते सप्टेंबर चालतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठ वाजता तयार राहा.

९. कागदपत्रं आणि सामान

- प्रत्येकाचं आधार कार्ड, शिवाय मतदार ओळखपत्र. नाथुलासारख्या सीमाभागाच्या परवान्याला ते उपयोगी पडतं. लहान मुलांचा जन्मदाखला.
- पासपोर्ट फोटो, माणशी सहा.
- चारधामला जाणार असाल तर सरकारी नोंदणीची छापील प्रत. अमरनाथला अधिकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतंच.
- चालू औषधं पुरून चार दिवस उरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.
- पोस्टपेड सिम. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड चालत नाही. घरात निदान एकाचं पोस्टपेड करून घ्या.
- रोख रक्कम. नेटवर्क नाही तिथे यूपीआयही नाही.
- सहल कंपनीकडून सही-शिक्क्याची पावती आणि रद्द केल्यास किती परत मिळेल याचा तक्ता, दोन्ही लेखी.

बुटांचं वेगळं सांगते. नवे बूट घालून पहाडात जाऊ नका. महिनाभर आधी घ्या, संध्याकाळी घ्या (तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात), जाड मोजे घालून बघा आणि पुढे अंगठाभर जागा ठेवा. उतारावर बोटं पुढे दाबली जातात, जागा नसेल तर नखं काळी पडतात. एकच जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, दुपारी एक काढता येतो. काठी घ्या, म्हातारपणाची नाही, उताराची.

१०. तिथे पोचल्यावर

पहिल्या दिवशी पोटभर जेवू नका, पाणी पीत राहा, दारू नको. डोकं दुखायला लागलं तर लपवू नका, टूर मॅनेजरला लगेच सांगा आणि आणखी वर जाऊ नका. विश्रांतीने उतार पडत नसेल तर खाली आणणं हाच उपाय. चालताना तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, बोलणं गोंधळाचं होत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री खाली.

एखादा दिवस सोडायचा ठरवला तर आदल्या संध्याकाळीच सांगा. मागे थांबणाऱ्यांनी चालकाचा आणि मॅनेजरचा नंबर कागदावर लिहून घ्यावा, फोनमध्ये नाही, बॅटरी थंडीत लवकर उतरते. गट कुठल्या फाट्यावर किती वाजता परत येणार, उशीर झाला तर दुपारचं जेवण कुठे, खोलीची किल्ली कुणाकडे, एवढं ठरवून घ्या. मग खुशाल गॅलरीत खुर्ची टाका.